व्याजदर वक्रासाठी इंटरपोलेशनची पद्धत कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँका, विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंड यांच्या ट्रेझरी व जोखीम विभागांसाठी मूल्यांकनाच्या प्रणाली लिहिणाऱ्या प्रोग्रामरांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः रुपयातील ओव्हरनाइट इंडेक्स स्वॅपच्या, म्हणजे ओआयएसच्या (ठरलेल्या दराची रोजच्या एकदिवसीय दराशी अदलाबदल करणाऱ्या करारांच्या) बाजारातील आहेत. उदाहरणांतील दर हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत आणि वेगळे सांगितले नसेल तेथे ते सतत चक्रवाढीचे मानावेत.

इंटरपोलेशनची गरज मुळात का पडते?

बाजार आपल्याला संपूर्ण वक्र, म्हणजे प्रत्येक मुदतीचा दर, कधीच देत नाही. तो काही ठरावीक मुदतींचे भाव देतो. रुपयातील ओआयएसमध्ये एक महिना, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे अशा मुदतींना भाव मिळतात. आपल्या वहीत (चालू व्यवहारांच्या संचात) असलेल्या स्वॅपचा पुढचा हप्ता मात्र आजपासून ४१७ दिवसांनी येणार असतो, आणि त्या तारखेचा डिस्काउंट फॅक्टर, म्हणजे त्या दिवशी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, कोणीही भाव म्हणून सांगत नाही. दोन ज्ञात मुदतींच्या मधली किंमत कशी धरायची याचा नियम म्हणजे इंटरपोलेशन.

हा नियम बाजारातून येत नाही, तो आपण निवडतो, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही आपली असते. दोन वेगळ्या पद्धतींनी बांधलेले वक्र बाजारातील सर्व भाव अचूक परत देतात आणि तरीही मधल्या तारखांना वेगळ्या किमती सांगतात. दोन्ही वक्र बाजाराशी सुसंगत असतात, त्यामुळे योग्य कोणता हे ठरवायला बाजाराचे भाव पुरत नाहीत. त्यासाठी वक्र कशाकरिता वापरायचा आहे याचा विचार करावा लागतो.

इंटरपोलेशन नेमके कशावर करायचे? झिरो दरावर, डिस्काउंट फॅक्टरवर की फॉरवर्ड दरावर?

झिरो दर म्हणजे आजपासून एखाद्या मुदतीपर्यंतचा दर, फॉरवर्ड दर म्हणजे भविष्यातील एखाद्या कालावधीसाठी आज निघणारा दर, आणि स्प्लाइन म्हणजे गुळगुळीत जोडलेल्या तुकड्यांचा वक्र. “रेषीय की स्प्लाइन” हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. खरे तर आधी ठरवायला हवे ते हे, की सरळ रेषा किंवा स्प्लाइन कोणत्या राशीवर ओढायची. झिरो दरांवरची सरळ रेषा, डिस्काउंट फॅक्टरवरची सरळ रेषा आणि डिस्काउंट फॅक्टरच्या लॉगॅरिदमवरची सरळ रेषा या तीन सर्वस्वी वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांतून निघणारे फॉरवर्ड दरही वेगळ्या स्वभावाचे असतात. कोडमध्ये राशी आणि पद्धत हे दोन स्वतंत्र पर्याय म्हणून ठेवावेत. “रेषीय” एवढाच एक शब्द कॉन्फिगरेशनमध्ये ठेवला, तर तो वाचणारा दुसरा माणूस त्याचा हमखास वेगळा अर्थ लावतो.

निवड कोणतीही असो, परीक्षा फॉरवर्ड दरांच्या आलेखावर घ्यावी. झिरो दर ही आजपासून त्या मुदतीपर्यंतच्या सगळ्या फॉरवर्ड दरांची सरासरी असते आणि सरासरीत दोष झाकले जातात. झिरो दरांचा आलेख जवळजवळ प्रत्येक पद्धतीत नीटनेटका दिसतो, आणि त्यावर विसंबून पद्धत मंजूर करणे मला धोक्याचे वाटते.

झिरो दरांवर सरळ रेषा ओढणे सर्वांत सोपे आहे. त्यात काय बिघडते?

सतत चक्रवाढीत क्षणिक (त्या एका क्षणापुरता) फॉरवर्ड दर काढण्याचे सूत्र असे आहे: फॉरवर्ड दर = झिरो दर + (मुदत × झिरो दराचा उतार). यातला “मुदत ×” हा गुणाकारच सगळ्या अडचणींचे मूळ आहे.

एक वर्षाचा झिरो दर ६.०० टक्के, दोन वर्षांचा ६.२० टक्के आणि तीन वर्षांचा ६.३० टक्के आहे असे धरू. पहिल्या खंडात उतार दरवर्षी ०.२० आणि दुसऱ्यात ०.१० आहे. सूत्रात घातल्यावर फॉरवर्ड दर एक वर्षाच्या टोकाला ६.२० टक्क्यांपासून सुरू होतो आणि दोन वर्षांच्या अलीकडे ६.६० टक्क्यांवर पोहोचतो. दोन वर्षांच्या पलीकडे पाऊल टाकताच तो ६.४० टक्क्यांवर कोसळतो आणि तीन वर्षांपर्यंत पुन्हा ६.६० टक्क्यांवर चढतो. झिरो दर शांतपणे वर जात असताना फॉरवर्ड दर करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो, आणि प्रत्येक दात नेमका त्या मुदतीवर पडतो जिचा भाव आपल्याला योगायोगाने उपलब्ध होता. दोन वर्षांनी काही विशेष घडणार आहे असे बाजाराने कुठेही म्हटलेले नाही.

या उडीचा आकार मुदत गुणिले उतारातील बदल एवढा असतो, म्हणून लांब मुदतींना ती मोठी होते. पाच वर्षांचा दर ६.४०, दहा वर्षांचा ६.५० आणि पंधरा वर्षांचाही ६.५० टक्के असेल, तर दहाव्या वर्षी फॉरवर्ड दर ६.७० वरून एकदम ६.५० टक्क्यांवर येतो. पाच वर्षांत झिरो दर जेमतेम १० बेसिस पॉइंट (१ बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग) हलला आणि फॉरवर्ड दर एका क्षणात २० बेसिस पॉइंट घसरला.

याहून गंभीर प्रसंग उतरत्या वक्रावर येतो. वीस वर्षांचा झिरो दर ५.०० टक्के आणि तीस वर्षांचा ३.५० टक्के असेल, तर या दहा वर्षांतला सरासरी फॉरवर्ड दर ०.५० टक्के, म्हणजे धनच असतो आणि बाजारभावांत आक्षेपार्ह काही नसते. पण मध्ये सरळ रेषा ओढली की फॉरवर्ड दर २.०० टक्क्यांपासून उतरत उतरत उणे १.०० टक्क्यांपर्यंत जातो. साधारण २६ वर्षे ८ महिन्यांच्या पुढे डिस्काउंट फॅक्टर मुदतीबरोबर वाढू लागतो. हा आर्बिट्राजचा, म्हणजे जोखमीशिवाय मिळणाऱ्या नफ्याचा, आभास बाजारात नव्हता, तो आपल्या कोडने निर्माण केला.

मग सरळ रेषा डिस्काउंट फॅक्टरवरच ओढली तर?

घटत्या डिस्काउंट फॅक्टरवर फॉरवर्ड दर ऋण होत नाही, एवढा फायदा मिळतो. मात्र प्रत्येक खंडात फॉरवर्ड दर आपोआप चढत जातो, कारण घट स्थिर असते आणि ज्यातून ती घट होते तो आकडा लहान होत जातो. पाच वर्षांचा फॅक्टर ०.७३ आणि दहा वर्षांचा ०.५३ असेल, तर खंडाची सरासरी सुमारे ६.४० टक्के असताना फॉरवर्ड दर ५.४८ पासून ७.५५ टक्क्यांपर्यंत जातो. काही आठवड्यांच्या खंडात हे दिसतही नाही, पण काही वर्षांच्या खंडात ते स्वीकारता येत नाही.

लॉग-रेषीय पद्धत इतकी प्रचलित का आहे?

डिस्काउंट फॅक्टरच्या लॉगॅरिदमवर सरळ रेषा ओढली की प्रत्येक खंडात फॉरवर्ड दर स्थिर राहतो. म्हणूनच तिला सपाट फॉरवर्डची पद्धत असेही म्हणतात. वरच्या पहिल्या उदाहरणात ही पद्धत एक ते दोन वर्षांसाठी ६.४० टक्के आणि दोन ते तीन वर्षांसाठी ६.५० टक्के देते. दोन भावांमधून जेवढी माहिती निघते तेवढीच ती सांगते, स्वतःची भर घालत नाही.

तिचे आणखी तीन गुण प्रोग्रामरला महत्त्वाचे वाटतील. डिस्काउंट फॅक्टर नोडांवर (वक्राचे खंड जेथे जुळतात त्या तारखांवर) घटत असतील तर मध्येही घटतातच, त्यामुळे ऋण फॉरवर्डची भीती नसते. दर खरोखरच ऋण असतील, जसे युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ठेव सुविधेचे ते जून २०१४ ते जुलै २०२२ या काळात होते, तरी ती मोडत नाही, कारण फॅक्टर १ पेक्षा मोठा झाला तरी त्याचा लॉगॅरिदम काढता येतो. आणि ती स्थानिक आहे: चार, पाच आणि सात वर्षांचे नोड असताना पाच वर्षांचा झिरो दर १ बेसिस पॉइंटने वाढवला, तर चार ते पाच वर्षांचा फॉरवर्ड ५ बेसिस पॉइंटने वाढतो, पाच ते सात वर्षांचा २.५ बेसिस पॉइंटने घटतो आणि बाकी काहीही हलत नाही.

नव्या प्रणालीची सुरुवात कोणत्या पद्धतीने करावी असे विचारले, तर माझे उत्तर निःसंशय हेच आहे.

पण त्यात फॉरवर्ड दर पायऱ्यांनी चढतो-उतरतो. प्रत्यक्षात दर असे असतात का?

जवळच्या मुदतींमध्ये दर अगदी असेच असतात. एकदिवसीय दर रिझर्व्ह बँकेच्या धोरण दराच्या आसपास राहतो, रोखतेनुसार थोडा वर-खाली होतो, आणि पतधोरण समितीने निर्णय घेतला की त्या दिवशी पायरी घेतो. २०२५ मध्ये रेपो दर ७ फेब्रुवारीला ६.५० वरून ६.२५ टक्के, ९ एप्रिलला ६.०० टक्के आणि ६ जूनला ५.५० टक्के झाला. या तीन तारखांच्या मधल्या काळात धोरण दर सपाट होता. येथे गुळगुळीत वक्र ओढणे म्हणजे जे घडत नाही ते दाखवणे होय.

म्हणून पायऱ्या असण्यात काही चूक नाही. चूक होते ती पायऱ्या भलत्या तारखांना पडल्याने. समजा आज एकदिवसीय दर ५.५० टक्के आहे, बैठक ४० दिवसांनी आहे आणि त्या दिवशी दर ५.२५ टक्के होईल अशी बाजाराची पक्की अपेक्षा आहे. आपले नोड मात्र ३० आणि ६० दिवसांवर आहेत. चक्रवाढीचा बारीक परिणाम सोडून दिला, तर या तीस दिवसांची सरासरी ५.३३ टक्के येते आणि सपाट फॉरवर्ड पद्धत तीच सरासरी प्रत्येक दिवसाला लावते. परिणामी ३५ व्या दिवसाचा दर १७ बेसिस पॉइंटने कमी आणि ५० व्या दिवसाचा ८ बेसिस पॉइंटने जास्त धरला जातो. पद्धत तीच ठेवून नोड बैठकीच्या तारखेवर नेले की दोन्ही दर जागेवर येतात.

नोड बैठकींच्या तारखांवर ठेवताना भाव आणि नोड यांची संख्या जुळत नाही. काय करावे?

ही अडचण खरी आहे. समितीच्या बैठका सहसा दोन महिन्यांच्या अंतराने होतात. भाव मात्र मुदतींप्रमाणे येतात, त्यामुळे कधी दोन बैठकांच्या मध्ये दोन भाव संपतात आणि कधी एकही संपत नाही. पहिल्या प्रसंगी एका खंडात एकच अज्ञात असताना दोन समीकरणे येतात; तेव्हा कमी उलाढालीचा भाव वगळावा किंवा न्यूनतम वर्गांच्या पद्धतीने दोन्ही भाव थोड्या फरकाने जुळवावेत. दुसऱ्या प्रसंगी अज्ञात जास्त पडतात. तेव्हा लागोपाठच्या पायऱ्यांमधील फरक शक्य तितका कमी राहावा अशी अट जोडावी.

जाहीर वेळापत्रक संपले की बैठकींच्या तारखांचा अंदाज करत बसू नये. तेथून पुढे नेहमीच्या मुदतींचे नोड वापरावेत. वेळापत्रक ही बदलणारी माहिती आहे, म्हणून ती कोडमध्ये न लिहिता सुट्ट्यांच्या यादीसारखी बाहेरून वाचावी.

मार्चअखेरचे काय?

आर्थिक वर्षाच्या शेवटी बँकांच्या ताळेबंदाच्या गरजांमुळे एकदिवसीय दर एखाद-दुसऱ्या दिवसापुरता उसळू शकतो. हा परिणाम वक्राच्या मूळ आकारात मिसळू दिला, तर ती उसळी आजूबाजूच्या सर्व आठवड्यांवर पसरते. ३१ मार्च आणि त्याला लागून येणाऱ्या सुट्ट्यांपुरती वेगळी वाढ फॉरवर्ड दरावर लादावी, ती वजा करून उरलेल्या भावांवर वक्र बांधावा आणि शेवटी वाढ परत जोडावी. क्वांटलिब या वित्तीय गणिताच्या मुक्त लायब्ररीत अशा उड्या देण्याची सोय आहे, पण तारखा न दिल्यास ते ३१ डिसेंबर धरते. रुपयाच्या वक्रासाठी तारखा स्पष्टपणे द्याव्यात.

क्यूबिक स्प्लाइन गुळगुळीत असते. ती का टाळली जाते?

झिरो दरांवर किंवा लॉग-फॅक्टरवर नैसर्गिक क्यूबिक स्प्लाइन ओढली, तर फॉरवर्ड दर सलग राहतो आणि आलेख देखणा दिसतो. दहा वर्षांपलीकडच्या, विरळ नोडांच्या भागात हा गुण मोलाचा आहे. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत म्हणजे नोडांच्या मध्ये निर्माण होणारे हेलकावे. जवळच्या मुदतींचे दाट नोड आणि लांबच्या मुदतींचे विरळ नोड एकाच स्प्लाइनमध्ये आले, की एखाद्या भावातील लहानशी विसंगती मोठ्या खंडात फुगवटा म्हणून दिसते, आणि भाव सगळे चढते असतानाही फॉरवर्ड दर मध्येच खाली जाऊ शकतो.

दुसरी किंमत हेजिंगमध्ये (जोखीम भरून काढणाऱ्या उलट व्यवहारांत) मोजावी लागते आणि ती मला अधिक गंभीर वाटते. स्प्लाइन सर्व नोडांवर एकदम सोडवली जाते, त्यामुळे एका नोडला दिलेला धक्का दूरवर जातो. समान अंतराच्या नोडांवर हिशेब केला, तर एका नोडवर १ बेसिस पॉइंटची वाढ दिल्यावर लगतचा खंड ओलांडून पुढच्या खंडाच्या मध्यावर सुमारे ०.१३ बेसिस पॉइंटची घट होते आणि त्यापुढील खंडात सुमारे ०.०३ ची वाढ. चिन्ह आलटून-पालटून बदलते आणि परिणाम प्रत्येक टप्प्याला ०.२७ पट होत विरतो. फरक लहान वाटला, तरी हजारो कोटींच्या वहीवर याचा अर्थ असा होतो की पाच वर्षांच्या स्वॅपची जोखीम अहवालात तीन, सात आणि दहा वर्षांच्या रकान्यांतही उमटते. सात वर्षांचा रकाना उलट चिन्हाचा का आहे हे डीलर विचारतो, आणि त्याला व्यवहारात कारण सापडत नाही, कारण ते इंटरपोलेशनमध्ये असते.

हेलकावे आवरण्यासाठी स्प्लाइनवर निर्बंध घालता येत नाहीत का?

येतात. फ्रिट्श आणि कार्लसन यांनी १९८० मध्ये आणि जेम्स हायमन यांनी १९८३ मध्ये नोडांवरील उतारांना मर्यादा घालण्याचे मार्ग दाखवले. मूळ आकडे चढते असतील तर वक्रही चढताच राहील, एवढी हमी त्यांतून मिळते. हिरोशी अकिमा यांची १९७० ची पद्धत उतार ठरवण्यासाठी जवळच्या काही नोडांकडेच पाहते, त्यामुळे ती बरीच स्थानिक आहे, मात्र चढतेपणाची हमी ती देत नाही.

येथे एक गोष्ट नीट तपासावी. हायमनची गाळणी, म्हणजे उतारांवरची ती मर्यादा, ज्या राशीवर लावली त्या राशीचाच चढ-उतार ती जपते. ती झिरो दरांवर लावली तर झिरो दर मध्येच मागे फिरणार नाहीत, पण फॉरवर्ड दर धन राहतील असे त्यातून सिद्ध होत नाही. डिस्काउंट फॅक्टरच्या लॉगॅरिदमवर लावली तर मात्र तो घटताच राहतो आणि फॉरवर्ड ऋण होत नाही. म्हणून गाळणी वापरायची असल्यास लॉग-फॅक्टरवर वापरावी.

मोनोटोन कॉन्व्हेक्स पद्धत काय आहे?

पॅट्रिक हेगन आणि ग्रेम वेस्ट यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत व्याजदरांसाठीच घडवलेली आहे, आणि माझ्या मते तिचे वेगळेपण तिच्या सुरुवातीच्या बिंदूतच आहे. ती झिरो दरांपासून सुरू होत नाही. प्रत्येक खंडाचा सरासरी फॉरवर्ड दर हाच तिचा मूळ आकडा आहे, म्हणजे सपाट फॉरवर्डच्या पायऱ्या हा तिचा कच्चा माल आहे.

प्रत्येक नोडवर ती डावी-उजवीकडच्या दोन पायऱ्यांची भारित सरासरी घेऊन क्षणिक फॉरवर्ड ठरवते, आणि दोन खंडांपैकी लहान खंडाच्या पायरीला अधिक भार मिळतो. मग प्रत्येक खंडात ती एक द्विघाती वक्र बसवते, जो दोन्ही टोकांना ठरलेल्या किमतींतून जातो आणि ज्याची खंडातली सरासरी त्या पायरीएवढीच राहते. सरासरी जपल्यामुळे बाजारभाव बिघडत नाहीत. द्विघाती वक्र अनावश्यक वळण घेत असेल, तर टोकांच्या किमतींच्या चार शक्यतांनुसार त्याची रचना बदलली जाते. शेवटी, नोडवरचा फॉरवर्ड शून्य आणि शेजारच्या दोन पायऱ्यांपैकी लहान पायरीची दुप्पट यांच्या दरम्यान ठेवला की संपूर्ण वक्र धन राहतो.

अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने सरकारी रोख्यांच्या पार यील्ड (दर्शनी किमतीला असलेल्या रोख्याच्या परताव्याच्या) वक्रासाठी पूर्वीची हर्माइट स्प्लाइनची पद्धत सोडून ६ डिसेंबर २०२१ पासून मोनोटोन कॉन्व्हेक्स स्वीकारली. पद्धत केवळ अभ्यासापुरती राहिलेली नाही याचे हे चांगले उदाहरण आहे.

वापरताना दोन काळज्या घ्याव्यात. ऋण दरांच्या चलनात धन फॉरवर्डची अट बंद करता आली पाहिजे, अन्यथा वक्र भाव जुळवूच शकणार नाही. दुसरे म्हणजे चार शक्यतांच्या सीमेवर वक्राचा प्रतिसाद अचानक बदलतो. भाव थोडासा हलल्यावर एक खंड एका रचनेतून दुसरीत गेला, की संवेदनशीलतेच्या आकड्यांना खाच पडते. नोडची किंमत शोधताना न्यूटनची पद्धत येथे कधी अडखळते. ब्रेंटची पद्धत सावकाश का होईना, पोहोचते.

आधी बूटस्ट्रॅप करून मग इंटरपोलेशन लावले तर चालेल का?

बूटस्ट्रॅप म्हणजे लहान मुदतीपासून सुरू करून बाजारभावांतून एकेका नोडची किंमत काढणे. ते आधी करून इंटरपोलेशन नंतर लावणे चालत नाही, आणि जुन्या प्रणालींमध्ये आढळणाऱ्या छुप्या दोषांपैकी हा एक आहे. रुपयातील ओआयएसमध्ये एक वर्षापर्यंतच्या मुदतींचा हिशेब शेवटी एकदाच होतो, त्यापुढे दर सहामाहीला. पाच वर्षांपर्यंतचा वक्र तयार असताना सात वर्षांचा भाव हाती घेतला, तर साडेपाच, सहा, साडेसहा आणि सात वर्षांचे असे चार डिस्काउंट फॅक्टर अज्ञात असतात आणि समीकरण एकच असते. उरलेल्या तीन अटी इंटरपोलेशनच पुरवते. म्हणजे नोडची किंमतच इंटरपोलेशनवर अवलंबून असते.

एका पद्धतीने बूटस्ट्रॅप करून दुसऱ्या पद्धतीने वाचलेला वक्र मूळ स्वॅपचे मूल्य शून्य देत नाही. वक्राचा वर्ग असा लिहावा की दोन्ही कामांना एकच इंटरपोलेशन वस्तू वापरली जाईल आणि मधल्या नोडांच्या याद्या काढून दुसरीकडे नेण्याची वाट उपलब्धच नसेल. स्थानिक पद्धतीत नोड एकामागून एक सोडवता येतात. स्प्लाइनमध्ये पुढचा नोड सोडवल्यावर मागचे खंड हलतात, म्हणून संपूर्ण फेरी किमती स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा करावी लागते.

सरकारी रोख्यांसाठीही हेच नियम लागू होतात का?

सरसकट नाही. स्वॅपचे भाव थोडे आणि परस्परांशी सुसंगत असतात, म्हणून प्रत्येक भावातून वक्र नेणे योग्य ठरते. रोख्यांमध्ये काहींची उलाढाल प्रचंड असते आणि बहुसंख्य रोख्यांचे अनेक दिवस व्यवहारच होत नाहीत. त्यांच्या किमतींत रोखतेचा, कूपनचा आणि जुन्या भावाचा अंश असतो. अशा प्रत्येक किमतीतून वक्र नेला, तर तो गोंगाटच वळवून दाखवतो. तेथे नेल्सन आणि सीगल यांचे १९८७ चे किंवा स्वेन्सन यांनी १९९४ मध्ये त्याला जोड देऊन केलेले प्रारूप बसवणे उचित असते. हे इंटरपोलेशन नव्हे. चार किंवा सहा प्राचलांत सर्व किमतींना शक्य तितके जवळून जाणारा तो वक्र असतो. स्वॅपच्या वहीचे मूल्यांकन त्यावर करू नये, कारण तो बाजारभाव अचूक परत देत नाही.

क्वांटलिबमध्ये निवड कशी करायची?

तेथे राशी आणि पद्धत वेगळ्या सांगाव्या लागतात, जे योग्यच आहे. पायथॉनमधील तयार नावांपैकी “पीसवाइज लॉग लिनिअर डिस्काउंट” आणि “पीसवाइज फ्लॅट फॉरवर्ड” ही दोन नावे गणिताने एकच वक्र देतात, त्यामुळे त्यांच्यातील फरक शोधण्यात वेळ घालवू नये. “पीसवाइज लिनिअर झिरो” हे नाव शिकवण्यांमध्ये सर्रास दिसते. वर सांगितलेल्या करवतीच्या दातांमुळे ते प्रत्यक्ष कामात टाळावे.

वक्राच्या आत काळ कसा मोजावा?

प्रत्यक्ष दिवस भागिले ३६५ असा मोजावा, मग व्यवहारांची दिवसमोजणी काहीही असो. वक्राच्या आतला काळ हा फक्त एक अक्ष आहे, त्याचा व्याजाच्या हिशेबाशी संबंध नाही. ३०/३६० मोजणी वापरली, तर महिन्याची ३० आणि ३१ तारीख एकाच बिंदूवर येऊ शकते, खंडाची लांबी शून्य होते आणि फॉरवर्ड काढताना शून्याने भागाकार होतो. तसेच वक्रात डिस्काउंट फॅक्टरऐवजी त्याचा लॉगॅरिदम साठवावा: आजच्या तारखेला तो शून्य असतो, आणि झिरो दर साठवल्यास त्याच बिंदूवर येणारी भागाकाराची अडचण येथे उद्भवत नाही.

शेवटच्या नोडच्या पुढे काय धरावे?

शेवटचा फॉरवर्ड दर स्थिर धरावा, आणि तो स्प्लाइनच्या टोकाच्या उतारावरून मुळीच घेऊ नये. स्प्लाइनचा तिघाती तुकडा तसाच पुढे वाढवला, तर काही वर्षांतच निरर्थक दर येतात. शेवटच्या नोडच्या पलीकडचा दर मागितला जाताच वक्राने त्रुटी द्यावी आणि परवानगी स्पष्टपणे दिली असेल तेव्हाच उत्तर द्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. आयुर्विमा कंपन्यांच्या दीर्घ दायित्वांचा प्रश्न वेगळा आहे. युरोपातील सॉल्व्हन्सी २ नियमांत त्यासाठी स्मिथ-विल्सन पद्धत वापरली जाते, जी वक्राला एका ठरावीक अंतिम फॉरवर्ड दराकडे नेते.

डिस्काउंटचा वक्र आणि अंदाजाचा वक्र वेगळे असतील तर?

भविष्यातील हप्त्यांचा अंदाज एका वक्रावरून आणि त्यांची आजची किंमत दुसऱ्यावरून काढण्याची ही रीत २००७-०८ च्या संकटानंतर रूढ झाली. अशा वेळी अंदाजाचा वक्र स्वतंत्रपणे इंटरपोलेट करण्याऐवजी, त्याच्या आणि डिस्काउंटच्या वक्राच्या फॉरवर्डमधील फरकाचे इंटरपोलेशन करावे. फरक सहसा लहान आणि संथ असतो, म्हणून तेथे साधी पद्धतही पुरते, आणि धोरण बैठकींच्या पायऱ्या मूळ वक्रातून आपोआप येतात. दोन वक्रांवर दोन वेगळ्या पद्धती लावल्या, की नोडांच्या मध्ये बेसिसला (दोन वक्रांमधील फरकाला) असे उंचवटे येतात ज्यांना बाजारात आधार नसतो.

कोणत्या चाचण्या लिहाव्यात?

वक्र बांधण्यासाठी वापरलेला प्रत्येक भाव वक्रातून परत निघाला पाहिजे, ही पहिली आणि न टाळता येणारी चाचणी आहे. दुसरी, पहिल्या दिवसापासून शेवटच्या नोडपर्यंत प्रत्येक दिवसाचा एकदिवसीय फॉरवर्ड काढून तो ठरवलेल्या मर्यादेत आहे का हे पाहावे; दहा वर्षांसाठी हे सुमारे ३,६५० आकडे होतात आणि संगणकाला त्याचे काहीच ओझे नसते. तिसरी, प्रत्येक भाव १ बेसिस पॉइंटने हलवून कोणते फॉरवर्ड हलले याचा तक्ता करावा. हा तक्ता एकदा डोळ्यांनी पाहावाच, कारण पद्धतीची स्थानिकता जितकी त्यात स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही सूत्रात दिसत नाही. चाचणीसाठी फक्त आजचे सरळ वक्र घेऊ नयेत. उतरता वक्र, मध्येच फुगलेला वक्र आणि ऋण दरांचा वक्रही घ्यावा.

चालू प्रणालीत पद्धत बदलली तर नफा-तोट्यावर किती परिणाम होईल?

चालू बाजारभावाच्या स्वॅपवर जवळजवळ काहीच होत नाही, मधल्या तारखांच्या व्यवहारांवर मात्र होतो. पहिल्या उदाहरणातील वक्रावर पावणेदोन ते दोन वर्षे या तिमाहीचा फॉरवर्ड दर झिरो दरांवरील सरळ रेषेने ६.५५ टक्के येतो आणि लॉग-रेषीय पद्धतीने ६.४० टक्के. १०० कोटी रुपयांच्या करारावर या एका तिमाहीत सुमारे पावणेचार लाख रुपयांचा फरक पडतो, तोही आजच्या मूल्यावर आणण्याआधी. फॉरवर्ड रेट ॲग्रीमेंट, मध्येच सुरू होणारे स्वॅप आणि जुने, अर्धवट संपलेले व्यवहार यांवर हा परिणाम सर्वाधिक दिसतो.

म्हणून बदलाआधी काही आठवडे दोन्ही वक्र समांतर चालवावेत आणि फरक व्यवहारनिहाय नोंदवावा. बदलाच्या दिवशी तो नफा-तोटा पत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवावा, बाजाराच्या हालचालीत मिसळू देऊ नये. मूल्य-जोखमीसाठी (व्हॅल्यू ॲट रिस्कसाठी) साठवलेली जुन्या दिवसांची वक्रमालिकाही नव्या पद्धतीने पुन्हा बांधावी लागते. तसे न केल्यास बदलाच्या तारखेला मालिकेत बाजारात कधीच न घडलेली उडी राहते, आणि ती निरीक्षणाच्या खिडकीतून बाहेर पडेपर्यंत जोखमीचा आकडा चुकीचा येत राहतो.